मुल्ला मॅडमची उदबत्ती

मुल्ला मॅडमच्या कीबोर्डशेजारी कायम उदबत्तीचा पुडा असायचा. आमच्या छोट्या कारखान्यात फौंड्र्यांसाठी विषारी वायूची सूचना देणारे भोंगे बनत. त्यांचा प्रोग्राम मॅडम लिहीत आणि भोंग्यातल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांचं नवं खोकं फोडलं की त्यातल्या एकाला उदबत्तीचा धूर दाखवत. भोंगा बोंबलला की बाई खूश! "मालक, ह्याला वास कळतोय बरं का!" हे शेजारच्या कारखान्यालाही ऐकू जायचं.

प्रोग्राम कम्पाइल करताना, म्हणजे बोर्डाच्या भाषेत उतरवताना, प्रोसेसर कोणता ते त्या आधी बघत. "त्याला इचारा की, तुला काय काय येतंय. न येणारं सांगितलं तर गप पडतंय ते," हे त्यांचं नेहमीचं.

एकदा एका खोक्यातला शिल्लक राहिलेला बोर्ड त्यांनी सहज लावला. हिरवा दिवा लागला. धूर दाखवताच बोर्ड बंद. स्क्रीनवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. मॅडमनी भिंगातून चिप वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. पुरवठादारानं एकाच खोक्यात नवे-जुने प्रोसेसर मिसळले होते. वायूचं गणित करणारी एक आज्ञा जुन्याला येतच नव्हती. म्हणजे वायू नसेपर्यंत सगळं ठीक, वायू आला की भोंगा मुका! जुन्या प्रोसेसरचं नाव देऊन पुन्हा कम्पाइल केल्यावर तो वाजला. पण त्याच खोक्यातले बोर्ड गडहिंग्लजच्या एका फौंड्रीत कधीच बसले होते.

"पुढच्या फेरीत गुपचूप बदलू," मालक म्हणाले. मॅडमनी त्यांच्यासमोरच फौंड्रीला फोन लावला. "पावणं, भट्टी बंद करा. आधी माणसं भाईर काढा, मग मला शिव्या घाला."

मॅडम आणि मी एसटीनं गेलो आणि बोर्ड बदलले. सुदैवानं कुणाला काही झालं नव्हतं. एक म्हातारा कामगार चहा घेऊन आला. "बाई, तुमचा हिरवा दिवा बघूनच भट्टीच्या खड्ड्यात उतरतोय बघा आम्ही," तो कौतुकानं म्हणाला. मॅडमनी चहा न पिताच बशी खाली ठेवली.

"खोक्यातला एकच तपासला मी. सगळा माल सारखाच असणार, असं धरून चालले," परतताना त्या म्हणाल्या.

"नजरचूक झाली, मॅडम."

"नजरचूक कसली? माणूस उतरत हुता की तिथं!"

मालकांनी फार विनवलं, पण त्यांनी नोकरी सोडलीच. मला फार वाईट वाटलं. आता त्या कसबा बावड्यात पोरांना गणित शिकवतात. परवा भेटायला गेलो तेव्हा मी सांगितलं, की हल्ली आम्ही एकूण एक बोर्ड तपासतो. त्यांना बरं वाटेल, असं मला वाटलं होतं.

"त्यो म्हातारा हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आहे की. रोज कामाला जातो."

"माझ्या सपनात त्यो अजून वर येतच न्हाय."