लाल फोटोवाले रसाळ

गिऱ्हाईक फोटो निवडायला बसलं की रसाळ त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. दाराशी जाऊन, कमरेवर हात ठेवून, टपाल नाक्याकडे जाणारी-येणारी माणसं बघत बसत. मागून "झालं हो" असा आवाज आल्याशिवाय वळत नसत. पहिल्या दिवशी मला तो उद्धटपणा वाटला. मी विचारलंच, तेव्हा म्हणाले, "मालतीबाई, निवडणारा फोटोकडे एकदा बघतो आणि आपल्या तोंडाकडे दोनदा बघतो. आपल्याला कुठला आवडलाय ते हुडकतो आणि तोच उचलतो. मग घरी जाऊन पस्तावतो. म्हणून त्याला तोंडच दाखवायचं नाही."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. चित्रकलेच्या परीक्षा झाल्या होत्या आणि पनवेलात त्यांचा उपयोग काय, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. रसाळांना रिटचिंगला माणूस हवं होतं. फोटो त्या वेळी काचेवर उतरत. त्या काचेवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने देवीचे वण, डोळ्यांखालच्या सुरकुत्या नाहीशा करायच्या, हे माझं काम. रसाळ पन्नाशीचे, काटकुळे, काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घालणारे. औषधांनी बोटं कायमची पिवळी-तपकिरी पडलेली. दुकानावर स्वतःचं नाव नव्हतं. पाटीवर 'फोटो काढून मिळतील' एवढंच. पण सगळा तालुका त्यांना लाल फोटोवाले रसाळ म्हणून ओळखे.

त्या लाल फोटोची गोष्ट अशी. फोटो काढल्यावर गिऱ्हाइकाला आधी प्रूफ दाखवायचं असतं, म्हणजे कच्ची प्रत. रसाळ ती उन्हात छापत. काचेखाली एक विशिष्ट कागद धरून उन्हात ठेवला की दहा-पंधरा मिनिटांत त्याच्यावर तांबूस चेहरा उमटे. हा कागद पुढे हायपो नावाच्या औषधाच्या पाण्यात बुडवला तर चित्र कायम टिकतं. रसाळ तो मुद्दाम बुडवत नसत. त्यामुळे उजेड लागला की चेहरा काळवंडत जाई. प्रूफ काळ्या कागदाच्या पाकिटात घालून देत आणि बजावत, "कंदिलाच्या उजेडात बघा, घरच्यांना दाखवा, आठ दिवसांत परत आणा. हे पाहुणं आहे, घरात ठेवून घ्यायचं नाही."

असं करायला कारण घडलं होतं. पूर्वी ते पक्की प्रुफं देत. माणसं ती घेऊन जात आणि परत येतच नसत. रसाळ कुणाच्या घरी गेले की आपलंच प्रूफ, रिटचिंग न केलेलं, वाकडं कापलेलं, चौकटीत लावलेलं दिसे. एका व्यापाऱ्याने तर तसल्याच प्रुफावरून दुसरीकडे नक्कल काढून घेतली आणि तो धुरकट चेहरा "रसाळांनी काढलाय" म्हणून लोकांना दाखवला. रसाळांना ते फार लागलं होतं. "अर्धं शिजलेलं अन्न माझ्या नावाने वाढलं," असं ते म्हणत.

मला कामाला लागून वर्ष उलटून गेलं असेल. एका सकाळी मोरा बंदरावरून एक कोळीण आली. नाव हिराबाई. अंगावरचं लुगडं साधं, कपाळ मोकळं. आदल्या वर्षी होळीच्या सुमारास ती नवऱ्याबरोबर फोटो काढायला आली होती, हे तिनेच सांगितलं. निवडलेलं प्रूफ सासूला दाखवायला म्हणून घरी नेलं, आणि परत आणायच्या आत नवऱ्याची होडी उलटली. तो मिळालाच नाही.

तिने पदराखालून एक पुठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. त्याच्यावर प्रूफ डकवलेलं होतं. म्हणजे, होतं ते प्रूफच, पण आता सगळा कागद करपलेल्या भाकरीसारखा झाला होता. त्यात माणूस नव्हता.

"दादा, यातला मानूस कुठं गेला?" तिने विचारलं.

रसाळांनी तिला उजेडाचं सांगायला सुरुवात केली. ती मधेच म्हणाली, "उनात नाय ठेवला मी. तुमी सांगलं होतं ना. देवाच्या बाजूला भितीला लावला. रोज बगत होते. माज्या बगन्यानं संपला काय तो?"

रसाळांनी पुठ्ठा हातात घेऊन कडेची चिकटपट्टी नखाने हळूच उचलली. पट्टीखाली उजेड पोचला नव्हता. तिथे बोटभर रुंदीची तांबूस जागा शिल्लक होती आणि तिच्यात सदऱ्याची बाही, एक कोपर. हिराबाई ते कोपर बघत राहिली.

"काच असेल तर दुसरा काढून देतो," म्हणून रसाळ मागच्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला माहीत होतं ते का येत नाहीत. सहा महिने कुणी परत आलं नाही, की काच सोड्याच्या गरम पाण्यात घालून साफ करायची आणि चौकटींना वापरायची, असा नियम होता. हिराबाईच्या नवऱ्याची काच कुणाच्या तरी देवाच्या तसबिरीवर बसली असणार.

बाहेर आले ते टोपी काढून. "बाई, काच मी पुसून टाकली. चूक माझी आहे. तुमची नाही, उजेडाचीही नाही."

त्याच क्षणी मला दुसरी काच आठवली. रसाळ प्रत्येकाचे चार-पाच फोटो काढत, त्यांतले त्यांना पसंत असतील त्या दोन-तीनांचीच प्रुफं करत. बाकीचे वाया गेलेले. ते मी सरावासाठी मागून घेत असे. हिराबाईच्या जोडीची अशी एक काच माझ्या खणात होती. रसाळ "हलू नका" म्हणत असतानाच नवरा बायकोकडे वळून काहीतरी बोलला होता. चेहरा अर्धा वळलेला, डोळे अर्धवट मिटलेले, हात हललेला. मी त्याच्या गालावर पेन्सिलीचा सराव केला होता. तेवढं पुसून काढलं आणि काच रसाळांच्या हातात दिली.

उन्हं चांगली होती. त्यांनी हिराबाईच्या समोरच कागद लावला, उन्हात धरला, चेहरा उमटल्यावर हायपोत घातला, धुतला. तासाभराने ओला फोटो तिच्यापुढे ठेवला. मला वाटलं, ती रडेल. ती हसली.

"हा तर बोलतो हाय," ती म्हणाली. "मला सांगत होता, तुजा पदर बग, फोटोवाला हसंल." मग रसाळांकडे वळून म्हणाली, "दादा, ह्यो तवा का नाय दावला आमाला? आमी ह्योच घेतला असता."

संध्याकाळी रसाळ दुकान आवरताना म्हणाले, "मी चोरांपासून फोटो सांभाळत होतो, मालतीबाई. त्यात बिचाऱ्या साध्या माणसाचं नुकसान झालं. उद्यापासून प्रुफं पक्की. जेवढे काढले तेवढे सगळे दाखवायचे. आणि काच पुसायची नाही."

तसं सुरू झालं आणि चार महिन्यांतच त्याचा फटका बसला. उरण नाक्याजवळ राहणाऱ्या एका शिक्षकांनी मुलीचे फोटो काढून घेतले होते, स्थळांना दाखवायला. पाच प्रुफं घरी गेली, पक्की. त्यातल्या एकात ती मोकळेपणी हसत होती, खांद्यावरून पदर जरासा सरकलेला. ते प्रूफ मध्यस्थाने गुपचूप उचललं आणि पेणच्या एका घरी दाखवलं. तिथून निरोप आला की मुलगी थिल्लर दिसते. वडील तणतणत दुकानात आले.

"रसाळ, माझी परवानगी नसताना माझ्या मुलीचा फोटो चार घरं फिरतो, याला काय म्हणायचं? तुमचे ते लाल फोटो काळे पडायचे तेच बरं होतं."

"खरं आहे तुमचं," रसाळ म्हणाले. "मला थोडे दिवस द्या."

त्या थोड्या दिवसांत त्यांनी जे प्रयोग केले ते बघण्यासारखे होते. आधी 'नमुना' असा रबरी शिक्का करून आणला आणि प्रुफावर मधोमध मारला. भातगिरणीचे एक म्हातारे मालक आपलं प्रूफ बघून म्हणाले, "माझ्या कपाळावर शिक्का मारलात, मला काय पोस्टाने पाठवायचंय?" शिक्का गेला. मग प्रुफं इतकी लहान केली की बायका ती नाकाशी धरून बघू लागल्या. मग चारी कोपरे कापून पाहिले, पण कोपरा कापलेला फोटो चौकटीत घालायला काहीच अडचण नव्हती.

तोड सापडली ती शेजारच्या युसुफभाईंच्या शिवणाच्या दुकानात. कापडावर खुणा उमटवायला शिंप्यांकडे एक दात्यांचं लहान चाक असतं. रसाळ ते मागायला गेले तेव्हा युसुफभाई म्हणाले, "फोटोला अस्तर लावणार का रसाळसाहेब?"

"अस्तर नाही, कुंपण घालतोय," रसाळ म्हणाले.

चाक फिरवलं की कागदावर बारीक भोकांची ओळ उठे. रसाळ ती चेहऱ्याला जरासुद्धा न लागता खांद्यांवरून, छातीवरून तिरकी नेत. निवडणाऱ्याला चेहरा स्वच्छ दिसे, पण त्या प्रुफाची नक्कल काढली तर टिंबांची ओळ नकलेत येणारच. शिवाय सगळी प्रुफं ओळीने लावून ते दोऱ्याने वहीसारखी शिवत, वर किती आहेत तो आकडा लिहीत. एखादं कुणी उसवून घेतलं तर लगेच कळे. हे सगळं मी आज दोन ओळींत सांगते आहे, पण भोकं नेमकी कुठून न्यायची यासाठी त्यांनी महिनाभर रद्दी कागद खराब केले.

पहिली वही त्यांनी त्या शिक्षकांच्या मुलीचीच केली. तिला वडिलांबरोबर बोलावलं. वही वडिलांपुढे ठेवली नाही, मुलीपुढे ठेवली, आणि वर एक पेन्सिल.

"तिला काय कळतंय?" वडील म्हणाले.

"चेहरा तिचा आहे," रसाळ म्हणाले. "टीक तिनं करायची. तुम्ही या माझ्याबरोबर दाराशी, उभे राहू जरा."

आणि खरोखरच त्या गृहस्थांना घेऊन ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मुलीने वही तीनदा चाळली. शेवटी तिने हसऱ्या फोटोवर टीक केली. वडिलांचा चेहरा कसनुसा झाला. मग ते म्हणाले, "दोन करा. एक तिचा, एक माझ्या पसंतीचा." पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. कुठला फोटो बघून होकार आला ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि रसाळांनी विचारलंही नाही.

पुढची आठ-नऊ वर्षं तालुक्यात त्यांच्या वह्या फिरल्या. आगरी घरांतल्या म्हाताऱ्या दाराशी वही घेऊन बसत आणि शेजारणींना बोलावत. काही लोक वही परत आणून द्यायला इतके दिवस लावत की रसाळ स्वतः एस.टी.ने गावी जात, पण रागावत नसत. "बघू द्या हो. माणसाला स्वतःचा चेहरा इतके वेळा बघायला कधी मिळतो?" एखाद्याने सगळेच फोटो नापसंत केले तर ते सरळ पुन्हा काढत. एकदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. एक मामलेदार कचेरीतला गृहस्थ बायकोच्या हातातली पेन्सिल काढून घेऊन स्वतः टीक करू लागला, तेव्हा रसाळांनी वही मिटली आणि म्हणाले, "साहेब, तुमची वही वेगळी शिवली आहे."

मग डोळ्यांनी दगा दिला. मधुमेह होता, त्यांनी कधी मनावर घेतला नव्हता. काच उजेडापुढे धरली तरी त्यांना त्यातलं काही दिसेना. एक दिवस त्यांनी मला पोस्टकार्डांचा गठ्ठा आणायला सांगितला.

"पत्ते आहेत ना सगळे नोंदवहीत? लिहा. तुमच्या फोटोच्या काचा आमच्याकडे आहेत, येऊन घेऊन जा. रसाळ."

मी थांबले. "काका, सगळ्या? काच दिली म्हणजे कुणीही कुठेही हवे तेवढे फोटो काढून घेईल. इतकी वर्षं राखलंत आणि आता देऊन टाकता?"

ते म्हणाले, "राखलं ते त्यांनी नीट निवडावं म्हणून. निवडून झालंय त्यांचं. आता माझ्याकडे कशाला?"

माणसं येऊ लागली. कुणी फडक्यात, कुणी भाताच्या पेंढ्यात, कुणी मुलाच्या पाटीच्या पिशवीत घालून आपापल्या काचा नेल्या. रसाळ बाकावर बसून प्रत्येकाला नाव विचारत आणि आवाजावरून, त्याने कुठला फोटो निवडला होता, ते सांगायचा प्रयत्न करत. पुष्कळदा बरोबर असे. हिराबाई आली तेव्हा त्यांना काही विचारावं लागलं नाही. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी काच तिच्या हातात दिली आणि तिने ती कपाळाला लावली.

भाद्रपदात रसाळ गेले. तेराव्याला त्यांच्या घरी सुकापूरचा एक शेतकरी आला. त्याने आपल्या दोन काचा महिन्यापूर्वीच नेल्या होत्या. आता तो त्या धोतराच्या फडक्यात बांधून परत घेऊन आला होता. मला वाटलं, ठेवायला आणल्या असतील. पण तो रसाळांच्या बायकोला म्हणाला, "काकी, ह्या घरात कशा ठेवायच्या त्येवढं सांगा. मोडतील अशी भीती वाटते. विचारायला आता कोन नाय."

काकू उभ्या आयुष्यात चार वेळासुद्धा दुकानात आल्या नसतील, पण रसाळांकडून घरी सगळं ऐकलेलं. त्यांनी डोळे पुसले, गाठोडं सोडलं, एक काच उचलून दोन बोटांनी कडेला धरली आणि भिंतीला टेकवून उभी केली.

"अशा उभ्या ठेवायच्या," त्या म्हणाल्या. "आडव्या, एकीवर एक ठेवल्या की खालची फुटते. मधे कागद घाला. आणि हात कडेलाच लावायचा, चेहऱ्यावर बोट ठेवायचं नाही."

त्याने तसंच एकदा करून दाखवलं. काकू "बरोबर" म्हणाल्या. मग त्याने काचांच्या मधे कागद घातला, फडकं बांधलं, गाठोडं उभं धरलं आणि तो आपल्या गावाकडे चालू लागला.