भुऱ्या मला का भितो

नवऱ्याला माझं सगळं माहीत आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजीत नापास झाले होते ते, लग्नाआधी एक स्थळ मीच परतवून लावलं होतं ते – सगळं. एक सोडून. ते एक आईलाही माहीत नाही, आणि बाबांना तर कधी कळलंच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा ना – चार ओळी झाल्या, आणि अजून मी इंग्रजीच्या पेपरातच अडकले आहे.

गोष्ट कुत्र्याची आहे. हसू आलं का? येऊ द्या. मलाही कोणी असं सांगितलं असतं तर आलं असतं.

आमचं गाव मेहकरपासून दहा-अकरा किलोमीटर. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.ए. केलं, बी.एड. केलं, मेहकरला एका खाजगी शाळेत लागले. गाडीवरून गावात शिरले की म्हातारी माणसंही म्हणायची, मॅडम आल्या. ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू – फार आवडायचं. बाबांनी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबून मला शिकवलं आणि मी शिकले. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मी लाजतही नाही. लाजते ती वेगळ्याच गोष्टीला.

भुऱ्या बाबांना सोयाबीनच्या गंजीखाली सापडला. मळणीयंत्र आलं, गंजी उचलत आणली, आणि तळाशी हे मुठीएवढं पिलू. त्याची आई कुठे गेली, कोणालाच माहीत नाही. यंत्राच्या धडधडीनं की कशानं, ते असं भेदरलं होतं की घरी आणल्यावर दोन दिवस चुलीमागून बाहेर आलं नाही. वाढू लागलं तरी तेच. परकं माणूस दिसलं की शेपटी पोटाखाली जायची, उभ्या उभ्या मुतायचं. गल्लीतलं कुत्रं लांबून भुंकलं तरी हा बाजेखाली.

बाबांनी त्याला माणसात आणायचं ठरवलं. कामावरून आले की भुऱ्याला दोरी लावायची आणि एस.टी.च्या थांब्याकडे न्यायचं – थांब्यापर्यंत नाही, पुष्कळ अलीकडे, बाभळीखाली. तिथून माणसं दिसायची, पण अंगावर यायची नाहीत. बाबा धुळीत बसायचे. खिशात भाकरीचे तुकडे. रस्त्यानं माणूस गेलं की एक तुकडा, कुत्रं गेलं की एक तुकडा. कोणी लाडानं जवळ आलंच तर म्हणायचे, "हात नका लावू भाऊ, नुसते जा." आठ-आठ दिवस तिथंच. शेपटी जरा सैल झाली की दोन पावलं पुढे. बिचकला की चार पावलं मागे.

थांब्यावरची माणसं सोडतात होय? "जय भीम दादा! कुत्र्याले शाळेत घातलं काय?"

"हाव ना बे," बाबा म्हणायचे. "घरात मास्तरीण हाये. फी लागत नाही."

सगळे हसायचे, बाबाही हसायचे. मी गाडीवरून येताना ते ऐकायची, आणि माझं डोकं तापायचं. मॅडमचा बाप रोज कुत्र्यासोबत धुळीत बसतो – मला दिसायचं ते एवढंच.

चार महिन्यांत भुऱ्या थांब्यापासून दहा पावलांवर आला होता. एकट्या माणसाचं त्याला काही वाटत नव्हतं. चार जण एकदम आले की अजून थरथरायचा. चार महिन्यांत एवढंच? – असं मला वाटलं. मी मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले, तेही अर्धे अर्धे. कुत्र्याला लहानपणीच गर्दी दाखवा, हे लक्षात राहिलं. हळूहळू दाखवा, असंही त्यात असणारच. तेवढं ऐकण्याआधी मी बंद केलं असेल. स्टाफरूममध्ये मात्र सांगून मोकळी झाले की आमच्या कुत्र्याला मी शास्त्रीय पद्धतीनं तयार करते आहे. मी! त्यात बाबांचं नावसुद्धा नव्हतं.

मेहकरच्या बाजाराच्या दिवशी मी भुऱ्याला न्यायला निघाले. बाबा म्हणाले, "अजून कच्चं हाये वं माय ते. चार मानसं सहन होत नाही त्याले, अन् तू बाजारात काऊन नेऊन राह्यली?"

मी म्हटलं, "म्या वाचलं हाये बाबा. तुमाले नाही समजत त्यातलं."

माझ्या शिक्षणापुढे ते नेहमीच गप्प व्हायचे. दोरीची गाठ मात्र त्यांनी स्वतः मारली, आणि गळ्याला आवळत तर नाही ना, म्हणून दोन बोटं आत घालून पाहिली.

ॲपे रिक्षात तो सगळा रस्ता माझ्या पायांवर बसून कापत होता. लाळेनं माझी चप्पल ओली झाली. बाजारात उतरलो आणि तो जमिनीला चिकटला. औषधवाल्याचा भोंगा, बकऱ्या, हातगाड्या, पायच पाय. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी दोरी ओढली. फरफटत म्हणावं असंच नेलं त्याला भाजीच्या ओळीत. तिथं मेथी विकणाऱ्या एक बाई खाली पडलेली जुडी उचलायला वाकल्या, आणि त्यांचा हात एकदम भुऱ्याच्या तोंडासमोर आला. तो चावला. मनगटाच्या वर. रक्त आलं.

माझ्या हातातून दोरी सुटली. सुटली की सोडली? – सोडली. आता तरी नीट सांगते. सोडली.

माणसं जमली. "कोनाचं हाये बे हे कुत्रं?" गर्दीत माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचं हाये काय?"

माझ्या पर्समध्ये भुऱ्याचं लसीचं कार्ड होतं. मीच त्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात टोचून आणलं होतं. कार्डावर मालक म्हणून माझं नाव. ते काढून दाखवायचं आणि बाईंना दवाखान्यात न्यायचं. एवढंच तर करायचं होतं.

मी शुद्ध भाषेत म्हणाले, "नाही हो, माझं कुठलं? मघापासून मागे मागे येत होतं."

आणि सगळ्यांनी लगेच मानलं. त्याच्या गळ्यातली दोरी कोणी पाहिली नाही. मॅडम सांगतात म्हणजे खरंच असणार. मग गलका झाला, दगड आले, भुऱ्या पळाला. मी ॲपे धरली.

घरी सांगितलं, दोरी सुटली. बाबा रात्रभर झोपले नाहीत. दोन दिवस त्याच रस्त्यानं हाका मारत पायी फिरले. तिसऱ्या दिवशी भुऱ्या आपला आपणच आला – एक पाय उचलून, एक डोळा सुजलेला. बाबा त्याच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "गाठ म्याच सैल मारली असन." पुढे थांब्यावरही ते लोकांना हेच सांगायचे. माझ्यासमोर सांगायचे. मी ऐकून घ्यायची.

आणि त्या बाई? त्यांच्याच गावची एक मुलगी माझ्या वर्गात होती. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींना सांगत होती. बाईंना सुया घ्याव्या लागल्या. त्या तशाही घ्याव्या लागल्या असत्या, मला माहीत आहे. पण कुत्रं कोणाचं, पिसाळलेलं का धड, जगलं का मेलं, काहीच कळलं नाही म्हणून घरच्यांनी धसका घेतला. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती. नातू झाला, आणि या बाईंना त्याला हात लावू दिला नाही. ताट वेगळं, तांब्या वेगळा. आभाळ गरजलं की कुत्र्याचं विष चढतं म्हणे – ढग आले की त्यांना बाहेरच्या खोलीत बसवायचे आणि दारातून बघत राहायचे. पुढे लेक बाळ घेऊन सासरी गेली, तोपर्यंत आजीनं त्याला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

मी काय केलं असेल? मी त्या मुलींना जवळ बोलावलं आणि अंधश्रद्धेवर बोलले. चांगलं बोलले. विष ढगांनी चढत नाही, शास्त्र काय सांगतं, सगळं. मुली मान हलवत होत्या. ते कुत्रं माझं आहे, धडधाकट आहे, आमच्या अंगणात भाकरी खातं आहे – हे एक वाक्य त्या घरी पोचलं असतं तर त्याच संध्याकाळी ते बाळ आजीच्या मांडीवर असतं. ते मी बोलले नाही. घंटा झाली. मी तासाला गेले.

बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाभळीच्याही मागून. वर्ष लागलं. शेवटी शेवटी भुऱ्या थांब्यावरच्या बाकाखाली पाय पसरून झोपायचा. एस.टी.तून पन्नास माणसं उतरली तरी कान हलवायचा नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. गाठ आपणच सैल मारली, हे मनात घेऊन गेले. मी शेवटचे आठ दिवस त्यांच्या उशाशी होते. बोलायला वेळ नव्हता असं म्हणायला मला जागा नाही.

भुऱ्या आता आईजवळ असतो. कोणीही येवो, तो उठून शेपटी हलवतो. फक्त मी आले की गोठ्यामागे जातो आणि मी जाईपर्यंत येत नाही. आई म्हणते, "तुह्या गाडीच्या आवाजाले भेते ते." मी एस.टी.नं आले, पायी आले. तो जातोच.

वर जे सांगितलं त्यात एक खोटं आहे. सगळ्यांनी लगेच मानलं, असं म्हटलं ना मी? तसं झालं नव्हतं. आणि भुऱ्या चावून पळालाही नव्हता. दोरी मोकळी होती, वाट मोकळी होती, तरी तो पळाला नाही. तो माझ्याकडे आला. एवढ्या पायांमध्ये त्याला ओळखीचे पाय माझेच होते. माझ्या मागे शिरला, पोटरीला अंग लावलं आणि कापत उभा राहिला. एका माणसानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "तुमचं नाही, तं मंग तुमच्याच मांगं काऊन लपून राह्यलं हे?"

तोपर्यंत कोणीही दगड उचलला नव्हता. भाजीच्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर वाऱ्यासाठी दगड ठेवलेले होते. मी दोन पावलं बाजूला सरले, त्यातला एक उचलला आणि "हाड्!" म्हणून मारला. बरगडीवर बसला.

तो हलला नाही. मान वर करून माझ्याकडे बघत राहिला.

मग मी दुसरा उचलला.