चौसष्ट दारं, एक बॅटरी

सकाळचे सात वाजले होते. तोंडातून वाफ निघावी अशी थंडी होती आणि फोटोताईचं डोकं मात्र तापलेलं. वस्तीत घरं चौसष्ट. चौसष्ट घरांचे फोटो दुपारी बाराच्या आत मोजणीच्या कचेरीत पोचायला हवे होते. दारावर नंबर, दारात घरचं माणूस आणि फोटोवर कॅमेऱ्याने स्वतः छापलेली तारीख. ज्याचा फोटो नाही ते घर यादीत नाही, आणि यादीत नसलेलं घर उद्या रस्ता रुंद करताना पाडलं तरी विचारणारं कोणी नाही. मोबाईलचे फोटो चालणार नाहीत. का? तर मोबाईलमध्ये म्हणे तारीख बदलता येते! हा नियम ज्याच्या सुपीक डोक्यातून निघाला, त्याने जन्मात कॅमेरा हातात धरला नसणार.

वस्तीत कॅमेरा एकच, ताईचा. तोही मामांनी वापरून दिलेला. मामांचा पूर्वी स्टुडिओ होता. सातवीत शाळा सुटल्यावर ताई तिथे झाडू मारायला लागली आणि दोन वर्षांत ओळखपत्रांचे फोटो काढू लागली. मामांचा शब्द तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. त्यातला पहिला शब्द असा: "बॅटरी पुरती मेल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. अर्धं पोट भरलेलं असताना परत वाढलं की तिची भूक मरते."

आदल्या संध्याकाळी बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली होती. दुसरं कोणी असतं तर तशीच लावून मोकळं झालं असतं. ताई नियमाची पक्की. भिंतीवर फ्लॅश उडवत बसली, बॅटरी ठार मारली आणि मग चार्जरला लावली. अर्ध्या तासात लाईट गेली, ती आली थेट उजाडता उजाडता. हातात होतं तेही घालवलं. सकाळी बॅटरी जेमतेम निम्मी.

"दोनच काड्या दिसतायत, ताई," धाकटी जाऊ म्हणाली. नंबर लिहायला ती वही घेऊन सोबत होती.

"मला डोळे आहेत. तू वहीत बघ."

कॅमेऱ्याची आणखी एक खोड होती. बॅटरी काढली की तो म्हाताऱ्यासारखा तारीख विसरायचा. ताईने तारीख घातली, वेळ घातली आणि पहिल्या दारापासून सुरुवात केली.

फोटो काढायला वेळ लागत नव्हता, वेळ लागत होता दाखवायला. मामांच्या स्टुडिओची रीतच होती, गिऱ्हाइकाला फोटो दाखवल्याशिवाय सोडायचं नाही. वस्तीला तीच सवय. प्रत्येक दारात कॅमेऱ्यामागच्या पडद्याभोवती सगळं घर गोळा.

"अगं, माझे डोळे मिटलेत. परत काढ."

"हे नाक माझं आहे का? नाक कोणाचं लावलंस?"

"जरा मोठं करून दाखव की. तुझ्या बापाचं काय जातंय?"

बापाचं काही जात नव्हतं, बॅटरीचं जात होतं. दारं अंधारी म्हणून दर फोटोला फ्लॅश, दर फोटोला पडदा, आणि वर गारठा. एकेचाळिसाव्या दारात काडी लाल झाली, लुकलुकली, आणि कॅमेऱ्याने डोळा आत ओढून घेतला. सव्वानऊ वाजले होते. तेवीस दारं बाकी.

"मामांकडे जादाची बॅटरी आहे," ताई म्हणाली आणि पळतच सुटली. जाऊ मागे.

मामा पांघरूण घेऊन खुर्चीत बसले होते. "आहे ना! कपाटात, खालच्या खणात. दोन वर्षं हात लावलेला नाही. मेलेली ठेवलीय, नियमाप्रमाणे. अर्धा तास लाव, घोड्यासारखी पळेल."

चार्जरचा दिवा पेटलाच नाही. ताईने बॅटरी फुंकली, पुसली, उलटून परत लावली. ढिम्म. जुनीच लावावी म्हटलं, तर तेवढ्यात लाईट परत गेली. खणात कॅमेऱ्यासोबत आलेलं माहितीपत्रक होतं, अजून पिशवीतच बंद. जाऊने ते फोडलं आणि खिडकीशी नेऊन मोठ्याने वाचू लागली.

"या जातीची बॅटरी पूर्ण संपवण्याची गरज नाही. वारंवार पूर्ण संपवल्यास आयुष्य घटते. रिकामी करून दीर्घकाळ ठेवू नये, कायमची निकामी होऊ शकते…"

"थांब," ताई म्हणाली.

"…थंडीत क्षमता कमी होते. पडदा व फ्लॅशच्या वापराने बॅटरी लवकर उतरते."

"थांब म्हटलं ना!"

मामा ताडकन सरळ झाले. "ते कंपनीवाले बॅटऱ्या खपवायला वाट्टेल ते छापतात! चाळीस वर्षं काढली मी या धंद्यात."

"तुमच्या वेळच्या बॅटऱ्या वेगळ्या होत्या, मामा," जाऊ हळूच म्हणाली.

"म्हणजे मी चुकीचं शिकवलं?" मामांनी जाऊकडे नाही, ताईकडे बघून विचारलं.

ताईच्या जिभेवर सगळं आलं होतं. चार वर्षं रोज जीव घेतलेली बॅटरी, काल भिंतीवर उधळलेले फ्लॅश, बाकीची तेवीस दारं. राग तर असा की खुर्चीसकट मामांना उचलून बाहेर ठेवावं. पण हातात कॅमेरा त्यांनीच दिलेला. "पाणी पिऊन घ्या, मामा," एवढंच म्हणून ती बाहेर पडली.

रस्त्यातच तिने जुनी बॅटरी काढून काखेत दाबली. थंडीने आखडलेली असेल तर उबेने थोडी तरी उठेल. पंधरा मिनिटं ती एक हात अंगाला चिकटवून वस्तीत उभी, आणि येणारा-जाणारा विचारतोय, "हात मोडला की काय?" बॅटरी परत घातली तर खरंच एक काडी उभी राहिली. पडद्यावर काहीबाही विचारणं आलं. पडद्याचा उजेडसुद्धा परवडत नव्हता. ताईने न वाचता बटण दाबून ते घालवलं, पडदा बंद केला, फ्लॅश बंद केला आणि वरच्या बारीक भिंगाला डोळा लावला.

"दारातून पुढे या, उजेडात. हलू नका. झालं. पुढचं दार!"

"दाखव ना."

"नाही दाखवणार."

"का? आमचं तोंड डब्यात कोंडून नेतेस होय? वरच्या आळीला दाखवलंस!"

"वरच्या आळीने खाल्लं, तुम्हाला उरलं नाही! शिव्या नंतर द्या, आधी उभे राहा."

लोक फुरंगटले, पण उभे राहिले. चौसष्टावं दार झालं आणि कॅमेरा हातातच मेला. अकरा वाजायला दहा कमी होते. ताई पहिल्यांदा हसली.

कचेरीत साहेबाने कार्ड संगणकात घातलं. एकेचाळीस फोटो मुकाट पुढे गेले. मग त्याने चष्मा वर केला. "बाई, हे पुढचे तेवीस अकरा वर्षांपूर्वीचे आहेत. एक जानेवारी. रद्द."

पडद्यावर आलेलं ते विचारणं काय होतं, हे ताईला आत्ता कळलं. जाऊने कपाळावर हात मारला. ताईचे कान लाल झाले. चूक तिचीच होती, आणि चूक स्वतःची असली की तिला दुप्पट राग यायचा.

"तारीख कोणी छापली, साहेब?"

"कॅमेऱ्याने."

"मोबाईलवर तुमचा भरवसा नाही, कॅमेऱ्यावर आहे. मग झालं तर! तुमचा भरवशाचा कॅमेरा म्हणतोय, ही तेवीस घरं अकरा वर्षांपूर्वीपासून उभी आहेत. घ्या लिहून."

"यंत्र चुकलंय, दिसतंय ना. या पोरीच्या हातात कालचा पेपर आहे फोटोत!"

"यंत्र चुकतं? मग तुमचा नियमही चुकला. मोबाईलचे फोटो घ्या. जाऊबाई, काढ गं मोबाईल."

मागच्या रांगेत कोणी तरी फिसकन हसलं. साहेबाने घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं. "उद्या माणूस पाठवतो, घरं बघून जाईल. तोवर एकेचाळीसच धरतो."

"तोवर नाही. तेवीस घरांची पाहणी बाकी आहे, पाहणी होईपर्यंत एकालाही हात लागणार नाही, असं कागदावर द्या. शिक्क्यासकट."

"बाई, बारा वाजता खिडकी बंद होते."

"होऊ द्या. मी खिडकीच्या आत उभी आहे."

साहेबाने दोनदा पेन खाली ठेवलं, दोनदा उचललं. तिसऱ्यांदा कागद पुढे ओढला. ताई टेबलाला वळसा घालून त्याच्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर वाचत होती.

"तेवीस, साहेब. बावीस लिहिलंत तुम्ही."