लाल गाडीचे तीन पार्ट

कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या वाटेवर गुंडूचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली, दोन टीव्ही आणि एक बाकडं. त्याआधी गुंडू उसाचा ट्रक चालवायचा. एकदा घाटात ट्रक उलटला. अंगावर ओरखडाही उठला नाही, पण गडी आतून असा हबकला की गाडीत बसायचं नाव काढीना. चालवणं राहू द्या, एसटी म्हटली तरी त्याची पाचावर धारण बसायची. दर चैत्रात बायको चिमणाबाई म्हणायची, जोतिबाच्या डोंगरावर एकदा जोडीनं जाऊ. हा कानाडोळा करायचा, आणि ती बिचारी शेजारणींबरोबर जाऊन यायची.

असा माणूस दिवसभर टीव्हीवर गाडी पळवतो, याचं तिला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

त्या गेमचं खरं नाव कुणाच्या ध्यानात नव्हतं; बावड्यात ती ‘लाल गाडी’. चौऱ्याण्णवच्या सुमारास पहिला पार्ट आला. कॅसेटला फुंकर मारून ती मशीनमध्ये बसवायची, की समोर सरळ रस्ता आणि पार टोकाला निळा डोंगर. कितीही पळवा, डोंगर आपला तिथंच. पण पोरांची झुंबड उडायची. दुसऱ्या पार्टात डोंगरावर झाडं दिसू लागली. जवळ जावं तर रस्ता वळायचा. तेव्हा तर दारात चपलांचा ढीग पडायचा. तिसरा पार्ट सीडीवर आला तोवर दोन हजार साल उलटलं होतं. शाहूपुरीतला सीडीवाला म्हणायचा, जगात हाच पार्ट सगळ्यात जास्त खपतोय. गुंडूच्या बाकड्यावर मात्र कुणी फिरकेना. जुनी पोरं नोकरीधंद्याला लागलेली, नवी सायबर कॅफेत.

कुठला पार्ट भारी, यावर दुकानात पूर्वी हमरीतुमरी व्हायची. गुंडूचं म्हणणं ठरलेलं, ज्याला मिसरूड फुटताना जो पार्ट भेटला त्याला जन्मभर तोच गोड. स्वतः त्यानं तिन्ही पार्ट मापले ते डोंगर किती जवळ येतो यावरून. दुपारी कारखान्याच्या मळीचा वास घरात शिरला की त्याची तंद्री लागायची. डोंगरावर काय असेल? एखादी टपरी असेल, झाडाखाली ट्रक लावून ड्रायव्हर लोक आडवे झाले असतील, कुणीतरी हाक मारील, या पावणं, च्या घ्या. त्याला त्या हाकेची फार ओढ होती. डोंगर पार्टागणिक जवळ येत गेला आणि गर्दी पार पांगली, हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं.

कारण तिसऱ्या पार्टात रस्ता थेट डोंगरावर चढत होता.

एका दुपारी चिमणाबाई शेजारी तांदूळ निवडत असताना गुंडू तो घाट चढू लागला. कपाळावर घाम आला. एकेक वळण घेत लाल गाडी माथ्यावर पोचली. तिथं टपरी नव्हती, झाड नव्हतं. नुसता वारा घोंघावत होता. गुंडूनं रिमोट खाली ठेवला.

“वर कुणीच न्हाय गं,” तो म्हणाला.

“नसंना,” ती सूप खाली ठेवत म्हणाली. “पर घाट चढलासा की तुमी.”

गुंडूनं तिच्याकडं पाहिलं. मग विचारलं, “जोतिबाची गाडी स्टँडवरनं कवा सुटती?”

ती तांदूळ तसेच टाकून उठली. त्याचं मन फिरायच्या आत तिला घराला कुलूप लावायचं होतं.

एसटीत तो दांडा घट्ट धरून, डोळे मिटून बसला. घाट लागला, ड्रायव्हरनं गिअर बदलला, आणि गुंडूच्या डाव्या पायाची चप्पल क्लच दाबावा तशी फळीवर दाबली गेली. पुढच्या वळणाला पुन्हा पाय दाबला, आणि उजवा हात दांडा सोडून नसलेल्या स्टेअरिंगवर हलकेच फिरला. डोळे अजून मिटलेलेच होते, पण कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. चिमणाबाईनं ते पाहिलं आणि पदर तोंडात धरून ती खिडकीकडं वळली, त्याला रडू ऐकू जाऊ नये म्हणून.