तिप्पट वजनाचं कृष्णविवर

माझी एक विद्यार्थिनी कृष्णविवरांची वजनं काढते. शाळेत तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे, कारण फळ्यावरची माझी रेघ वाकडी आहे हे ती मोजून दाखवायची. तिचे वडील शिंपी. माझे कपडे त्यांच्याकडेच.

क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं प्रखर केंद्र; त्याच्या पोटात कृष्णविवर असतं. त्याच्या लगतचा झगझगीत भाग मधूनच उजळतो आणि काही महिन्यांनी भोवतालचा वायू उजळतो. या अवधीवरून वायू कृष्णविवरापासून किती लांब आहे ते कळतं. त्याला वायूच्या वेगाची जोड दिली की वजन निघतं. अशा बावीस क्वेसारांवर तिने सहा वर्षं घालवली.

एका दुपारी मी दुकानात कोटाची बाही नीट करून घेत होतो. ती आली आणि स्टुलावर बसली.

“बाबा, मी ज्या कृष्णविवराला सगळ्यात जड म्हणत होते ना, ते तेवढं जड नाहीये.”

“म्हणजे? मी तर गिऱ्हाइकांना सांगून बसलोय.”

विश्व पसरत असल्यामुळे त्या क्वेसारवरचे नऊ महिने आपल्याला सत्तावीस दिसतात, म्हणून तीनने भागावं लागतं. बाकीच्या एकवीस ठिकाणी ज्याच्या-त्याच्या आकड्याने संगणकाने भागलं. हा एक आकडा तिने हाताने काढला होता आणि भागायचं राहून गेलं, म्हणून वजन तिप्पट निघालं. शोधनिबंध छापून झाला होता आणि परवा त्याच निबंधावर कायमच्या नोकरीची मुलाखत होती.

“गप्प बसले तर कुणाच्या लक्षात यायचं नाही. सर, तुम्ही काय म्हणता?”

“मी टाचण्यांत उभा आहे. हललो तर टोचेल.”

वडिलांनी तोंडातली टाचणी काढली. “सरांची ही बाही मी दोनदा चुकलोय. उसवलं की भोकं दिसतात थोडे दिवस. म्हणून काय यांना असंच हिंडू द्यायचं?”

“नोकरी जाईल, बाबा.”

“जाईल कदाचित. आधी उसव.”

मुलाखतीत तिने सुरुवातच दुरुस्तीने केली. एक गुबगुबीत प्राध्यापक म्हणाले, “दोन दिवसांत दोन तृतीयांश वजन उतरवलंत? आम्हालाही उपाय सांगा.” सगळे हसले, ती सोडून.

“बाकीचे एकवीस?” विभागाच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

“काल पुन्हा काढले, हाताने. बरोबर आहेत.”

नोकरी मिळाली. पहिल्याच सोमवारी प्रमुख बाईंनी स्वतःचे जुने तक्ते तिच्या टेबलावर आणून ठेवले. “तपासा. काही सापडलं तर आधी मला सांगा, मग जगाला.”

चौथ्या तक्त्यात सापडलं.