सहा नंबरचा झरा

गावात त्याला सगळे वायसर म्हणत. कुणाचा नळ गळो, टाकी वाहो, की नव्याकोऱ्या शॉवरमधून नुसतीच हवा येवो, तो आधी डोकं हलवून म्हणायचा, "वायसर गेलाय." दहापैकी नऊ वेळा ते खरंही असायचं. दहाव्या वेळी त्याला झोप लागायची नाही. त्याची बायको म्हणायची, "ह्यांना काळजी करायला काही उरलं नाही, की आता काहीच कसं उरलं नाही याची काळजी लागते."

गाव समुद्रकाठचं, सुट्टीवर येणाऱ्यांच्या जिवावर चालणारं. आणि वसलेलं कुठे, तर कुण्या जुन्या काळच्या नगराच्या पडझडीत. लॉजच्या अंगणात एखादा खांब उभाच असायचा. त्याला अडीच हजार वर्षं झाली असं फलक सांगायचा, आणि त्याच फलकाच्या खिळ्याला दोरी बांधून कुणीतरी पोहण्याचे कपडे वाळत घातलेले असायचे. आईस्क्रीमवाला ज्या दगडाला टेकून उभा राही, त्यावर चौदा ओळी कोरलेल्या होत्या. त्या कुणालाच वाचता येत नसत. गिऱ्हाइकं मात्र दर पाच मिनिटांनी त्याला त्यांचा अर्थ विचारत, आणि तो दर वेळी नवा सांगे.

बाकीच्यांचं यात बरं चाललं होतं. मरण होतं ते नळवाल्याचं. कारण पाइप टाकायचा तर खणायला लागतं, आणि वीतभर खणलं की काहीतरी लागतंच. मग पुराणवस्तू खात्याचा पहारेकरी शिट्टी मारतो. परवानगीचा अर्ज केलेली माणसं गावात होती. काहींची नातवंडं आता त्याच अर्जाची चौकशी करत होती.

आणि म्हणूनच बावीस वर्षांपूर्वी वायसरने ती गोष्ट केली.

त्याची थोरली बहीण, अक्का, तेव्हा नुकतीच एकटी पडली होती. नवऱ्यामागे आठ खोल्यांचं अर्धवट लॉज उरलं होतं. खोल्या झाल्या, न्हाणीघरं झाली, पण न्हाणीघरांचं पाणी काढायला जागाच नाही. संडासाची टाकी आधीच बांधलेली होती, तेवढी देवाची कृपा. एके दिवशी मागच्या भिंतीशी फरशी बसवताना वायसरच्या हाताला पोकळी लागली. आत जुन्या लोकांची दगडी मोरी, गुळगुळीत, उतार असा की मनातून हात जोडावेत. बादलीभर पाणी ओतलं, तर गडगडत कुठच्या कुठे समुद्राकडे गेलं. त्याने अक्काकडे पाहिलं, अक्काने त्याच्याकडे. संध्याकाळपर्यंत आठही न्हाणीघरांचा पाइप त्या मोरीत जाऊन बसला होता. खणलं नाही, फोडलं नाही, कुणाला दिसलंही नाही.

ह्या वर्षी मात्र मोसम सुरू व्हायच्या आधी समुद्र खवळला आणि मोरीचं तोंड वाळूने बुजलं. वायसरला हे कळलं ते असं.

सहा नंबरच्या खोलीत एक शाळेतल्या निवृत्त बाई आठवड्यासाठी उतरल्या होत्या. एकट्याच. तिसऱ्या दिवशी बेसिनचा नळ गळतोय म्हणून अक्काने भावाला बोलावलं.

"वायसर गेलाय," त्याने सांगितलं.

"ते जाऊ द्या हो. तुम्ही इथलेच ना? मग मला सांगा, समुद्राकडच्या त्या पडक्या स्नानगृहातला झरा किती जुना?"

वायसरच्या हातातला पाना थांबला. "कुठला झरा?"

"अहो, पायऱ्या उतरल्यावर कोपऱ्यात दगडी कुंडी नाही का? मी पहाटे अंघोळ उरकते नि सरळ तिथे जाऊन बसते. बरोबर साडेसहाला वाळूतून पाणी वर येतं. स्वच्छ, नितळ! आणि हात घाला, कोमट! साडेनऊला पुन्हा येतं, जास्त जोरात. आणि त्याला एक वास आहे. मंद. लिंबासारखा."

अक्का प्रत्येक खोलीत शाम्पूची एक पुडी ठेवायची. लिंबाची.

बाई पुढे खूप बोलल्या. भरती-ओहोटीशी याचा कसा संबंध असावा, जुन्या लोकांनी स्नानगृह नेमकं तिथेच का बांधलं असेल. वायसर "हो, हो" करत राहिला. घाईघाईत वायसर उलटा बसवून तो बाहेर पडला. नळ आधी थेंब थेंब गळत होता, तो आता धार धरू लागला.

"अक्का, घात झाला," त्याने स्वयंपाकघरात येऊन सांगितलं.

सगळं ऐकून अक्काने पोळी उलटली. "मग? बघतायत ना नुसतं? बघू देत. आठवड्याची पाहुणी."

"अगं, उद्या कुणी खात्याला सांगितलं, त्यांनी कुंडी उकरली, की वाळूमागे मोरी, मोरीत तुझा पाइप! लॉजला टाळं लागेल."

"कुणी सांगितलं तर. आणि सांगणार कोण? तू. बाळ्या, लहानपणी दुधावरची साय मी खायची, आणि आईने विचारायच्या आधी रडायचास तू. माझी शपथ आहे, तोंड उघडायचं नाही."

चोपन्न वर्षांच्या बाळ्याने शपथ घेतली.

पुढचे तीन दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. एका सकाळी त्याने "मोटार बिघडली" म्हणून टाकीची चावी बंद केली. पाच नंबरचा पाहुणा डोक्याला फेस लावून गच्चीवर आला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं बोलला. चावी उघडावी लागली. त्या दिवशी झऱ्याला साडेनऊच्या जागी सव्वादहाला पाणी आलं, आणि बाईंनी वहीत लिहिलं : "आज पाऊण तास उशीर. चंद्रकलेशी ताडून पाहावे."

बाईंच्या जाण्याच्या दिवशी अक्काने त्याला सामान पोचवायला बोलावलं. दारात एक बॅग होती आणि पाच लिटरचा कॅन, भरलेला, झाकण घट्ट लावलेला.

"हे काय आहे, बाई?"

"झऱ्याचं पाणी. आमच्या ह्यांच्यासाठी." बाई चपला घालत होत्या. "पोटाचं ऑपरेशन झालंय महिन्यापूर्वी. धाकटा दीर आलाय म्हणून मला आठवडाभर निघता आलं. काही खात नाहीत, पीत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पण परवा फोनवर झऱ्याचं सांगितलं, तर म्हणाले, येताना भरून आण. महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी मागितलं हो माणसाने!"

वायसरने अक्काकडे पाहिलं. अक्का बाईंच्या बॅगेचा पट्टा घट्ट करत होती. तो आधीच घट्ट होता.

स्टँड दहा मिनिटांवर होता. वाटेत वायसर नुसता कॅनकडे बघत चालला. डोळ्यांसमोर तो पोटाला टाके असलेला माणूस दिसायला लागला, हातात पेला, पेल्यात सहा नंबरची अंघोळ. एकदा त्याने मुद्दाम ठेच खाल्ली. कॅन दगडावर आपटला, पण फुटला नाही. अंगठा मात्र फुटला.

"लागलं का हो?"

"नाही नाही. सवय आहे."

स्टँडवर बाई तिकिटाच्या रांगेत उभ्या राहिल्या. वायसर कॅन घेऊन पिण्याच्या पाण्याच्या नळाकडे धावला. कॅन उपडा केला. लिंबाचा वास दरवळला. मग विसळला, दोनदा विसळला, काठोकाठ नळाचं पाणी भरलं, झाकण लावलं आणि सुटलो म्हणून मोठा श्वास सोडला. शपथ मोडली नाही, माणूसही वाचला. तो परत आला तेव्हा हसत होता.

बाईंनी पर्समधून एक पाकीट काढलं. "एक काम होतं. मी खात्याला पत्र लिहिलंय, झऱ्याबद्दल, वेळांच्या टिपणासकट. खाली स्थानिक साक्षीदार म्हणून तुमची सही हवी. झरा नैसर्गिक आहे आणि पूर्वीपासून आहे, एवढंच. आणि पुढच्या महिन्यात ह्यांना घेऊनच येते. तिथेच बसवते. ओंजळीने प्यायची मजा कॅनमध्ये नाही."

वायसरचं हसू तोंडावरच वाळलं. बाईंनी पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं. टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. बसचा ड्रायव्हर चहा संपवून उठत होता.

"बाई, झरा नाही तो."

"म्हणजे?"

"अंघोळीचं पाणी आहे. अक्काच्या लॉजचं. मीच जोडलंय पाइप, बावीस वर्षं झाली. तिचा काही दोष नाही, मी जोडलंय. पुढे वाळू अडकलीय, म्हणून कुंडीत वर येतंय."

बाईंनी पर्समधून वही काढली. "साडेसहाचं?"

"ते सहा नंबरचं. एवढ्या पहाटे दुसरं कुणी उठत नाही."

"सहा नंबरला तर मी आहे."

वायसरने मान खाली घातली. बाईंच्या चेहऱ्याचा रंग गेला, परत आला, आणि जरा जास्तच आला. इतक्या दिवसांचं टिपण त्यांनी वहीत एकवार चाळलं. मग कॅनकडे बोट केलं. "आणि हे?"

"हे नळाचं आहे. आत्ताच बदललं. चोरून."

"सांगायला चार दिवस लावलेत तुम्ही. चार दिवस मी त्या पाण्याने डोळे धुतेय!"

"शाम्पू साधाच असतो, बाई," तो कसाबसा म्हणाला, आणि म्हणाल्यावर जीभ चावली.

कंडक्टरने हाक मारली. बाईंनी पाकीट उभं फाडलं, तुकडे पर्समध्ये टाकले आणि पायरीवर एक पाय ठेवून वळल्या. शाळेत उभं केलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी वायसरकडे पाहिलं.

"मी येणार आहे पुढच्या महिन्यात. ठरल्याप्रमाणे. त्या कुंडीत थेंबभर पाणी दिसलं, तर दुसरं पत्र लिहीन. त्याला साक्षीदार लागणार नाही."

"हो, बाई. आणि साहेबांना काय सांगाल?"

बाईंनी पर्सची चेन ओढली. "काय सांगू? माणूस एक गोष्ट मागतो, आणि ती निघते बायकोची अंघोळ." मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "हसतील कदाचित. हसू नका म्हणावं लागेल, टाके ओले आहेत." आणि त्या आत जाऊन बसल्या. बस निघेपर्यंत त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. कॅन मात्र मांडीवर घेतलेला दिसला.

वायसर लॉजवर आला तो सरळ मागच्या भिंतीशी गेला. आठही खोल्या भरलेल्या होत्या. न्हाणीघरांतून पाणी पडत होतं, कुणी शीळ घालत होतं. त्याने फरशी उचलली, पान्याने जोड सैल केला, पाइप मोरीतून ओढून काढला आणि त्याच्या तोंडात लाकडी बूच ठोकलं. वर चार घाव जास्तच घातले. नवा खड्डा खणायचा म्हणजे अर्ज. अर्ज म्हणजे नातवंडं. पुढचं काहीच सुचत नव्हतं.

पहिली बोंब तीन नंबरमधून आली. "अहो मालकीणबाई! इथे घोटाभर पाणी साचलंय!" मग सात नंबर. मग पाच, जो आधीच्याच प्रकरणावरून पेटलेला होता.

अक्का मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिने उघडी फरशी पाहिली, बूच पाहिलं, भावाचा फुटलेला अंगठा पाहिला.

"सांगितलंस तिला?"

"हो."

"शपथ घातली होती मी."

"हो."

"आता काय करायचं रे, बाळ्या?" तिचा आवाज असा लहान झालेला त्याने फक्त एकदा ऐकला होता, लॉजच्या विटा उघड्या होत्या तेव्हा.

"माहीत नाही, अक्का. अर्ज करतो. आजच करतो. तोवर पाणी हाताने काढावं लागेल. झाडांना घालता येईल."

आतून पाच नंबर पुन्हा ओरडला. अक्काने पदर कमरेला खोचला.

"मग उभा काय राहिलास? बादल्या आण. आठ लागतील. आणि पाच नंबरची तू उपस."