पीसी सातवरून, चार सेकंदांत

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. वडील रोज सकाळी बुद्धवंदना म्हणतात, आणि कुणी अंगात येण्याच्या गोष्टी काढल्या की एकच विचारतात, "पुरावा काय?" त्याच प्रश्नावर मी लहानाची मोठी झाले. नोकरीही अशी मिळाली की जे लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, नाही ते घडलंच नाही असं मानायचं. त्यामुळे हे इथे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिते.

ऑफिस साकीनाक्याला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली लेथ मशीनची घरघर, वर आयात-निर्यातीची कागदपत्रं करून देणारी आमची कंपनी. साठेक माणसं. मी घाटकोपरहून जाते. सर्व्हर, नेटवर्क, सगळं बघणारी मी एकटी, आणि तीही प्रोबेशनवर.

माझ्याआधी परबकाका होते. कुडाळकडचे, एकोणीस वर्षं त्याच खुर्चीत. त्यांनी मला सहा महिने शिकवलं आणि निवृत्तीला महिना राहिला असताना हार्ट अटॅकने गेले. त्यांचं खातं मी माझ्या हाताने बंद केलं. त्या दिवशी सर्व्हर रूममध्ये जाऊन रडले होते, हेही सांगून टाकते.

काकांची एक सवय होती. कुणी यायच्या आत, नऊला आठ कमी असताना, पँट्रीजवळच्या पीसी सातवर बसून लॉगिन करायचे आणि मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजून वहीत लिहायचे. चार. चार. पाच. चार. मी हसायचे. मग ते म्हणायचे, "हसा नको गो बाय. आधी रिकाम्या हातान भितर जावन बघूचा. मगे सामान घेवन जा. तेव्हा कळता, दार जड आसा की सामान जड आसा." मी मान डोलवायचे आणि विसरून जायचे.

या उन्हाळ्यात आम्ही जुना सर्व्हर काढून नवा बसवला. त्याच आठवड्यात नेटवर्कचा नवीन स्विच आला, नवीन अँटिव्हायरसही आला. आणि वाट लागली. सकाळी पासवर्ड टाकला की डेस्कटॉप दिसायला नऊ-दहा मिनिटं. लोक पासवर्ड टाकून खाली टपरीवर चहा प्यायला जायचे. त्याला 'लॉगिनचा चहा' असं नावच पडलं. शिपिंग डेस्कवरची माझी मैत्रीण दीपाली एकदा दुसरा कप पिऊन आली तरी स्क्रीनवर गोल फिरतच होतं.

तीन आठवडे मी सगळं केलं. केबल बदलल्या, स्विच बदलला, अँटिव्हायरस काढून पाहिला. शेवटी सोमवारी नाडकर्णी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सर वाईट नाहीत, पण तोंडावर बोलतात.

"शुक्रवारपर्यंत बघ. नाहीतर हे काम बाहेरच्या एजन्सीला देतो."

"आणि माझं कन्फर्मेशन, सर?"

"एजन्सी आली तर तुला ठेवून करू काय, तूच सांग."

घरी मी कुणाला काही बोलले नाही. आमच्या घरातली ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. आई शेजारणींना सांगते, माझ्या मुलीने बटण दाबल्याशिवाय तिथे कुणाचं कामच सुरू होत नाही. तिला काय सांगणार होते?

बुधवारी सकाळी मी सर्व्हरवरच्या लॉगिनच्या नोंदी काढल्या. कुणाला किती वेळ लागतोय, ओळीने. नऊ मिनिटं, दहा मिनिटं, साडेनऊ मिनिटं... आणि सगळ्यात वर एक ओळ. वेळ आठ बावन्न. चार सेकंद. पीसी सात. खातं परबकाकांचं.

आधी मला राग आला. म्हटलं, कुणीतरी काकांचा पासवर्ड वापरतंय. खातं तपासलं तर बंदच होतं. बंद खात्यातून आत जाता येत नाही, नवा सर्व्हर असो की जुना. बरं, पीसी सात? तो तर मीच भंगारात दिला होता, हार्ड डिस्क स्वतः काढून. त्या टेबलावर आता पाण्याच्या जारांची रांग आहे. मागच्या नोंदी काढल्या. तीन आठवडे, कामाच्या प्रत्येक दिवशी, आठ बावन्न.

गुरुवारी मी साडेआठलाच लॅपटॉप घेऊन त्या टेबलाशेजारी बसले. चकचकीत ऊन होतं, झाडूपोछा चालू होता, खाली लेथ सुरू झाली होती. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. भिंतीतलं नेटवर्कचं सॉकेट रिकामं होतं, त्यात केबलसुद्धा नाही. आठ बावन्नला माझ्या डोळ्यांसमोर यादीत ओळ उमटली. चार सेकंद.

मी घाबरले. खोटं कशाला बोलू.

पण मी माझ्या वडिलांची मुलगी. दोन मिनिटांनी मनात पहिला प्रश्न आला तो 'कोण' हा नव्हता, 'चारच सेकंद कसे' हा होता. तोच सर्व्हर, तीच केबल, तोच स्विच, मग यांनाच कसं पटकन उघडतं? काकांच्या बंद खात्याची सेटिंग्ज उघडून माझ्या खात्याशी ओळ-ओळ ताडून पाहिलं. एकच फरक. आम्हा सगळ्यांच्या खात्यात लॉगिन स्क्रिप्ट लावलेली, म्हणजे आत येताना सोबत कुठली फोल्डर आणि कुठले प्रिंटर आणायचे याची यादी. काकांची ती जागा कोरी. रिकाम्या हातान भितर.

मग स्क्रिप्ट उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. सगळे पत्ते जुन्या सर्व्हरचे. जो मी बंद करून कपाटात ठेवला होता. प्रत्येक मशीन सकाळी त्या बंद दारावर एक-एक करून टकटक करत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं. सर्व्हर बदलताना स्क्रिप्ट मीच जशीच्या तशी उचलून आणली होती. चालतंय ना, मग हात कशाला लावा, असं म्हणून. तीन आठवडे मी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त स्वतःला सोडून.

पत्ते बदलले. मेलेले प्रिंटर काढून टाकले. दीपालीला हाक मारली.

"लॉगआउट करून परत आत ये गं."

"आत्ता? जेवायच्या आधी? अगं, दुपार होईल माझी."

"ये तर."

अकरा सेकंद. दीपाली स्क्रीनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "ए, काय केलंस तू?"

शुक्रवारी साडेनऊला नाडकर्णी सर स्वतः मजल्यावर येऊन उभे राहिले. माणसं पासवर्ड टाकून सवयीने उठली आणि अर्धवट उठलेली तशीच खाली बसली. कुणीतरी मागून ओरडलं, "आता चहाला कधी जायचं यार?" सगळा मजला हसला. मला इतका आनंद झाला होता की मी त्या हसण्यात मोठमोठ्याने सामील झाले. सरांनी घड्याळात पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "झकास." एजन्सीला त्यांनी माझ्यासमोरच फोन करून नाही सांगितलं. चूक माझीच होती हेही मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, शोधलीस ना तू, मग झालं.

दुपारी नोंदी परत काढल्या. शुक्रवारी सकाळी आठ बावन्नला काका आले होते. पण त्या दिवशी, पहिल्यांदाच, खाली आणखी एक ओळ होती. आठ त्रेपन्न, लॉगऑफ. त्यानंतर आजपर्यंत त्यांची एकही नोंद नाही.

या कामातल्या तिघा जाणकारांना दाखवलं. एक म्हणाला घड्याळ बिघडलं असेल, एक म्हणाला जुन्या नोंदी परत आल्या असतील. दोन्ही तपासलं, तसं नाही. तिसऱ्याने स्वतः नोंदी परत काढून पाहिल्या, त्याच निघाल्या. आता मीच रोज आठ बावन्नला कोऱ्या खात्याने लॉगिन करते आणि काकांच्या वहीत सेकंद लिहिते.

कन्फर्मेशनचं पत्र घरी नेलं तेव्हा त्या नोंदींचा कागदही नेला आणि वडिलांना सगळं सांगितलं. म्हटलं, हा घ्या पुरावा. त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद सावकाश वाचले. पत्र आईकडे दिलं. नोंदींचा कागद स्वतःकडे ठेवला.

"हे काय आहे ते मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण माणूस काम पुरं करून गेला."